ए३२० अडखळतंय म्हणून ग्राफिक कार्ड घेताय? जरा थांबा

धावपट्टी_१० (पुणे)

मित्राचा मुलगा घरी मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे आपल्या 'सिम'वर, विमानं उडवतो. त्याचा फोन आला होता. "काका, छोटं सेसना लोण्यासारखं उडतं, पण ए३२० या मोठ्या प्रवासी विमानात बसलं की सिम लंगडायला लागतं. बाबा साठ-पासष्ट हजारांचं ग्राफिक कार्ड घेऊन द्यायला तयार झालेत. कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, कुठलंच नको. आधी एक कर. मुंबईला गेटवर विमान उभं कर, कॉकपिटमधले सगळे पडदे चालू असू देत. मग सेटिंगमध्ये जाऊन रेंडर स्केलिंग (चित्र किती बारकाईने काढायचं ते) १०० वरून ५० वर आण. चित्र भुरकट होईल, होऊ दे. फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढल्या का ते बघ.

त्याच्याकडे २३ च्या २४ झाल्या. ग्राफिक कार्डाचं काम निम्म्याहून कमी केलं आणि फरक पडला एका फ्रेमचा! म्हणजे कार्ड हात बांधून बसलंय. डेव्हलपर मोडमधला फ्रेमचा फलक उघडला की तिथे लिहिलेलंच असतं, 'लिमिटेड बाय मेनथ्रेड', म्हणजे अडतंय ते प्रोसेसरच्या मुख्य धाग्यापाशी. नवं कार्ड आणलं तर तेही तसंच बसून राहणार, फक्त महागात.

ए३२० च्या कॉकपिटमध्ये मोठे पडदे सहा. शिवाय स्टँडबायचा छोटा आणि दोन एमसीडीयू, म्हणजे फ्लाइट प्लॅन भरायचे छोटे पडदे-कळफलक. तपशीलवार विमानात त्यामागे हायड्रॉलिक, वीज, ब्लीड एअर (इंजिनातून घेतलेली दाबाची हवा), इंधन, फ्लाइट प्लॅन यांची आकडेमोड सतत चालू असते. प्रोसेसरला आठ कोअर असले तरी यातला बराचसा भार एका मुख्य धाग्यावर येऊन पडतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी आठ, पण पोळ्या लाटणारी बाई एकच, तशातली गत. पंगत अडते ती पोळपाटाशी.

म्हणून जास्त कॅशवाला, म्हणजे पोटातच झटपट मेमरी असलेला प्रोसेसर. कणीक दर वेळी कोठीतून आणायची की पोळपाटाशेजारी गोळा तयार ठेवायचा, एवढाच फरक. माझ्याकडे रायझन ५ ३६०० होता, एल३ कॅश ३२ एमबी. त्याच मदरबोर्डवर बायॉस अपडेट करून ५७००एक्स३डी बसवला, कॅश ९६ एमबी. त्याच गेटवर, त्याच विमानात, त्याच जुन्या कार्डावर २३ च्या जागी ३५-३६ मिळू लागल्या. खर्च वीस हजारांच्या आसपास.

तर माझं म्हणणं सरळ आहे. निसर्ग बघत हिंडायचं असेल तर कार्ड घ्या, विमान चालवायचं असेल तर प्रोसेसर.

पारवा (डोंबिवली)

साफ असहमत. गेटवर पाच मिनिटं उभं राहून निष्कर्ष काढायचा म्हणजे गाडी पार्किंगमध्ये ठेवून मायलेज मोजण्यातला प्रकार.

माझ्याकडे ८ जीबीचं कार्ड होतं. गेटवर झकास, क्रूझला झकास. दिल्लीहून दोन तास उडून मुंबईला उतरायला लागलो की खेळ सुरू. तपशीलवार कॉकपिटची टेक्श्चर (पृष्ठभागांवर चिकटवलेली चित्रं), वर मुंबईचा विकतचा विमानतळ, त्यात शहराच्या इमारती. व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, काठोकाठ. २७ नंबरच्या धावपट्टीवर घाटकोपरच्या डोक्यावरून येतोय, विमान उरलेली उंची मोजतंय 'फिफ्टी, फॉर्टी', आणि चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा मी जमिनीवर होतो. थ्रॉटल मागे घ्या सांगणारं 'रिटार्ड' ऐकायलाच मिळालं नाही. त्या लँडिंगचा दर सांगत नाही, घरी लहान मुलं आहेत.

मग ते कार्ड विकून १२ जीबीचं ३०६० घेतलं. कागदावर आधीच्यापेक्षा हळू. सरासरी फ्रेम दोन-तीनने घटल्या, पण गोठणं बंद. प्रोसेसरला हात लावला नाही.

मायक्रोसॉफ्टचा तक्ताही बघा. २०२० च्या आवृत्तीला आदर्श म्हणून ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी व्हीरॅम, २०२४ च्या आवृत्तीला ६४ आणि १२. ही वाढ उगाच झाली का?

धावपट्टी_१०

पारवा, तुझा त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण त्यावर फुकटचा उपाय आहे. टेक्श्चर हायवरून मीडियमवर आण. व्हीरॅम लगेच मोकळी होते. मुख्य धाग्यावरच्या ओझ्याला असा एका बटणाचा उपाय नाही.

पारवा

मीडियमवर डोक्यावरच्या ओव्हरहेड पॅनलची अक्षरं पुसट होतात, मालक. पैसे मोजून एकेक सर्किट ब्रेकर असलेलं विमान घ्यायचं आणि त्यावर काय लिहिलंय ते अंदाजाने ओळखायचं? मग तपशील कशाला विकत घेतला?

सायबरकाका (मिरज)

पोरांनो, तुमची भांडणं वाचून करमणूक झाली. आमच्या वेळचं सिम ३२ बिट. घरात रॅम किती का असेना, प्रोग्रॅमला मिळणार जास्तीत जास्त ४ जीबी. त्यात जाड विमान आणि जाड विमानतळ एकत्र घेतला की शेवटच्या दहा मैलांत 'टिंग... टिंग...' असा इशारा वाजायला लागायचा. मेमरी संपत आलीये. मग मी खाली उतरायच्या ऐवजी एकेक सेटिंग उतरवायचो. एकदा रात्रभर लंडनहून मुंबईला आलो, सकाळी धावपट्टी समोर दिसली आणि सगळं बंद पडून डेस्कटॉप समोर. बायको चहा घेऊन आली, म्हणाली, "पोचलात का?" काय सांगणार?

२०१७ ला प्रिपेअर३डी हे सिम ६४ बिट झालं तेव्हा मी अक्षरशः पेढे वाटले होते.

मुद्दा: ३० फ्रेमवर कुलूप लावा आणि गप उडवा. ए३२० म्हणजे लढाऊ विमान नव्हे. एसटी चालवल्यासारखं शांतपणे चालवायचं. फ्रेम ५५ वर जाऊन २५ वर आपटण्यापेक्षा सलग ३० डोळ्याला कितीतरी बरं. माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, त्याच्या बरोबर निम्मे.

कोड_कुटा (हिंजवडी)

काकांना +१, पोळ्यांच्या उपमेला पाऊण.

३० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला ३३ मिलिसेकंद. तेवढ्यात मुख्य धाग्याने सगळं आवरायचं. मात्र विमानाची आकडेमोड त्याच धाग्यावर व्हायला हवी असा काही दैवी नियम नाही. सिमसाठी विमानं बनवून विकणाऱ्या फेनिक्सने ए३२० च्या सिस्टीम सिमच्या बाहेर, वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवल्या. पडदे प्रोसेसरने रंगवायचे की ग्राफिक कार्डाने, हेही निवडायला दिलं. म्हणजे पोळ्या शेजारच्या घरात लाटून डब्यातून येतात. अशा विमानाला मोकळे कोअर हवेत, निव्वळ कॅशने भागणार नाही. पीएमडीजी या दुसऱ्या कंपनीची विमानं सिमच्या आतच चालतात, त्यांचं गणित वेगळं. 'तपशीलवार विमान' हा एकच प्राणी समजून सल्ला देता येत नाही.

दुसरं, आणि हे जास्त बोचणारं. जुलै २०२१ मध्ये एक्सबॉक्सवर सिम आणायचं होतं म्हणून पाचवा सिम अपडेट निघाला. रातोरात त्याच जुन्या पीसींवर फ्रेम भरपूर वाढल्या. (लांबच्या झाडा-इमारतींवरून मग बोंबाबोंब झाली, ती वेगळी.) त्याआधी अकरा महिने लोक कार्डं आणि प्रोसेसर विकत घेत होते, तेही चिपच्या टंचाईत, काळ्या बाजाराच्या भावाने. आपण हार्डवेअरवर घालतो त्यातले बरेच पैसे दुसऱ्याच्या न सुधारलेल्या कोडची भरपाई असते. मी सहा महिने काहीही न घेता थांबण्याच्या पक्षाचा आहे.

पारवा

सहा महिने थांबण्याच्या पक्षाला २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव विचारा. थांबले ते फसले.

वऱ्हाडी_टेलविंड (नागपूर)

तुम्ही सारे पुण्या-मुंबईचे लोक कॅशवर भांडून राहिले. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, त्याचं काय?

माझा लॅपटॉप. दुकानदारानं 'गेमिंग आहे भाऊ, काहीही चालते' म्हणून गळ्यात मारला. पहिली दहा मिनिटं खरंच काहीही चालते. मग तापते, प्रोसेसर आपला वेग पाडून घेते, आणि टॅक्सी करतानाच ए३२० बैलगाडी होऊन जाते. मी म्हटलं विमानच खराब आहे. तीन वेळा काढून टाकलं, तीन वेळा टाकलं. शेवटी भाच्यानं मागचं झाकण उघडलं, तर पंख्यात धुळीची गादी. नुसती साफसफाई आणि नवीन थर्मल पेस्ट, पाचशे रुपये लागले. फ्रेम १७ वरून २६.

काऊन कोणी हे आधी सांगत नाही? आधी तापमान पाहा, मग बाजारात जा. आणि डेझर्ट कूलरसमोर पीसी ठेवू नका, ती ओल आत जाते. हेही अनुभवाचे बोल.

चिमणी_ऑन_फायनल

तुम्हा सगळ्यांचं एक गृहीत धरलंय की विमान तपशीलवार म्हणजे जगही तपशीलवार पाहिजे. का?

मी सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिक परवान्याचे) २०० तास सेसना १७२ वर पूर्ण केलेत, आता एअरलाइनच्या दाराशी रांगेत. घरी फ्लायबायवायरचं ए३२० वापरते, फुकट आहे. जुना लॅपटॉप. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा तपशील किती लांबपर्यंत दाखवायचा ते) ५०, ट्रॅफिक शून्य, ढग लो. बाहेर बघितलं तर मुंबई म्हणजे चिखलावर ठेवलेले खोके. बघतंय कोण? मला कॉकपिट प्रिपरेशनचा क्रम हाताला बसवायचाय. एडीआयआरएस (दिशा-वेग सांगणारी यंत्रणा), एपीयू (शेपटीतलं छोटं इंजिन), फायर टेस्ट, एमसीडीयूत रूट. ते २० फ्रेमवरसुद्धा बसतं. यातला एक मिनिटही लॉगबुकात जात नाही, मग त्यावर पासष्ट हजार का घालू?

धावपट्टी_१०, एक दुरुस्ती. टेरेनचा तो स्लायडरही मुख्यतः प्रोसेसरलाच खातो. त्यामुळे 'मुख्य धाग्याला बटणाचा उपाय नाही' हे चुकलं. हा स्लायडर आहे, ट्रॅफिकचा आहे, आणि काचेच्या पडद्यांचा रिफ्रेश दर लो-मीडियम-हाय करता येतो, तो तिसरा. बघितलाय का कधी?

धावपट्टी_१०

बघितला होता, लिहायचं विसरलो. दंडवत, ताई. पण तो लो केल्यावर पीएफडी, म्हणजे वैमानिकाचा मुख्य पडदा, कसा दिसतो? वळताना कृत्रिम क्षितिज टप्प्याटप्प्याने सरकतं, जुन्या स्टँडावरच्या घड्याळाच्या काट्यासारखं. ज्या पडद्याकडे बघून उडवायचं तोच अडखळला तर बाहेरच्या फ्रेम चाटायच्या का?

चिमणी_ऑन_फायनल

मीडियम नावाची एक सोय असते.

पारवा

अजून एक मुद्दा कुणी काढलाच नाही, फ्रेम जनरेशन. कार्ड रिकामं बसलंय असं तुम्हीच म्हणता ना? मग त्या रिकाम्या वेळात ते मधल्या फ्रेम स्वतः काढतं. ३० च्या ५५ दिसतात. प्रोसेसर बदलायची गरज नाही. म्हणजे कार्डच कामी आलं.

कोड_कुटा

दिसतात ५५, स्टिकला प्रतिसाद ३० चाच, उलट किंचित उशिरा. काढलेली फ्रेम म्हणजे अंदाज. खाली उतरताना पीएफडीवरच्या उंचीच्या पट्टीकडे नीट बघ, सरकणाऱ्या आकड्यांना शेपटी फुटते. डीएलएसएसचं (कमी तपशिलाचं चित्र एआयने मोठं करणाऱ्या तंत्राचं) तेच होतं, २०२५ च्या नव्या मॉडेलने बरंच कमी केलं तरी शून्य नाही.

पारवा

फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, मी पट्टी बघत नाही, बाहेर बघतो. डॉक्टरांनी बहुतेक तुम्हाला पट्टी बघायला सांगितलंय.

बरं, त्या मुलाकडे प्रोसेसर कुठला आहे हे अजून सांगितलं नाही तुम्ही.

धावपट्टी_१०

आय५ १२४००एफ. कार्ड ३०६० टीआय.

पारवा

हा हा! म्हणजे तुमच्यासारखा जास्त कॅशवाला एक्स३डी घ्यायचा तर मदरबोर्ड नवा, आणि नव्या पिढीत जायचं तर डीडीआर५ रॅमही नवी, आजच्या भावात. वीस हजारांचा सल्ला आहे की साठ हजारांचा? तुमच्या एएम४ मदरबोर्डाचं नशीब थोर, सगळ्यांच्या पत्रिकेत ते नसतं. त्याच्या सॉकेटमध्ये १४ व्या पिढीचा इंटेल बसेल, पण ती ९६ एमबीची कणीक नाही मिळायची. आणि ३०६० टीआय म्हणजे ८ जीबी. लिहून ठेवा, त्याचीही व्हीरॅम भरलेली असणार.

धावपट्टी_१०

आत्ता त्याच्याशी बोललो. फोटो मागवला, ए३२०, मुंबई, २७ ची लाँग फायनल, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत लांबून येताना. कबूल करतो, व्हीरॅम ७.६ जीबी भरलेली. आणि वर 'लिमिटेड बाय मेनथ्रेड'सुद्धा आहेच, त्यामुळे मी पूर्ण हरलेलो नाही.

पण फोटोत आणखी काय दिसलं ते ऐका. टेरेनचा स्लायडर ४०० वर, ट्रॅफिक १००. यूट्यूबवर कुणीतरी 'अल्ट्रा सेटिंग' दाखवलं होतं म्हणे. टेरेन १५० केलं, ट्रॅफिक १०, पडदे मीडियम, टेक्श्चर एक पायरी खाली. ३० वर कुलूप. पोरगा दोनदा पुण्याला उतरला, एकदाही अडखळलं नाही म्हणतो. बाबांचे पैसे वाचले, आता तो त्यातून रडर पेडल मागतोय.

सायबरकाका

पेडल घेऊन द्या म्हणावं.

पारवा

'टेक्श्चर एक पायरी खाली' म्हणजे मीडियम ना?

धावपट्टी_१०

हो.

पारवा

मग एपीयू ब्लीडचं बटण कुठलं ते वाचता येतं का, तेवढं विचारा त्याला.