आईच्या खुब्याला प्लेट की रॉड? उद्या सकाळपर्यंत ठरवायचंय

कोथरूडची लेक
आई ७९ वर्षांची. परवा पहाटे बाथरूममध्ये घसरली, उजवा खुबा मोडला. रिपोर्टवर 'इंटरट्रोकँटेरिक, अस्थिर' लिहिलंय. हाडं ठिसूळ आहेत, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा टी-स्कोअर उणे ३.४. एक डॉक्टर रॉड म्हणतात, दुसरे म्हणाले डीएचएस प्लेटवर भागेल, खर्चही कमी. मामा म्हणतो सरळ सांधाच बदला, शेजारच्या काकू तिसऱ्या दिवशी चालल्या. काय करू?

ओटीतली निवृत्त सिस्टर, सदाशिव पेठ
ताई, मी २६ वर्षं ऑर्थोच्या थिएटरमध्ये होते. काकूंचं बहुतेक मांडीच्या हाडाच्या मानेत, गोळ्याच्या लगेच खाली मोडलेलं असणार. तिथं खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो, म्हणून सांधा बदलतात. आईचं त्या मानेच्याही खाली मोडलंय, इंटरट्रोकँटेरिक म्हणजे तेच. तिथं रक्त भरपूर असतं, हाड जुळतं. जुळेपर्यंत धरून ठेवणारं काहीतरी हवं, एवढंच.

डीएचएसचा जाड स्क्रू प्लेटच्या नळीत सरकतो, वजन पडलं की तुकडे एकमेकांवर बसतात. मोड स्थिर असेल तर आजही उत्तम. पण हाडाची बाहेरची भिंत साधारण २०.५ मिलिमीटरहून पातळ असली, तर ती ड्रिल करतानाच किंवा नंतर तडकण्याची भीती असते. मग तुकडा घसरत राहतो नि पाय आखूड होतो. रॉड हाडाच्या पोकळीत बसतो आणि त्या भिंतीचं काम स्वतः करतो. अस्थिर मोडीला मी माझ्या आईसाठी रॉडच निवडला असता. त्यातही पीएफएनए नावाच्या रॉडचं पिळदार पातं भुसभुशीत हाड कोरून काढत नाही, ठोकताना दाबून घट्ट करतं.

पण खरं सांगू? चांगला रॉड वाकडा बसवला तर तोही फाडून बाहेर येतो. स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर, एक्स-रेवर समोरून आणि बाजूने मोजून एकूण २५ मिलिमीटरच्या आत हवं. हे १९९५ पासून माहीत आहे. डॉक्टरांना बिनधास्त विचारा. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच सांगा.

सिंहगड रोडवरून
बाबांचा प्लेटचा स्क्रू सहाव्या आठवड्यात गोळा फाडून वर आला. दुसरं ऑपरेशन झालं. त्या सगळ्यात ठिसूळपणाचं औषध कुणी सुरूच केलं नव्हतं, याचा राग अजून जात नाही. आता वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं ५ मिलिग्रॅमचं सलाइन घेतात. त्याआधी डी जीवनसत्त्व भरून काढलं आणि मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. डिस्चार्जच्या कागदावर हे लिहून घ्या, ताई.

कोथरूडची लेक
सिस्टर, विचारलं. भिंत १७ मिलिमीटर भरली. रॉड ठरला, उद्या आठ वाजता. आईची हृदयाची गोळी रक्त पातळ करणारीच निघाली, आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. भूलतज्ज्ञांना आत्ताच फोन करते.