दोरीचा पेड, पदर आणि पीळ, नक्की कशाला काय म्हणायचं?

ढोलवाला_सदाशिव:
मंडळी, एक प्रश्न आहे. पथकाच्या ढोलांना नवीन दोऱ्या घ्यायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो होतो, दुकानातले काका म्हणाले तीन पेडी देऊ का गुंफलेली, मी म्हटलं तीन पदरी द्या, तर माझ्याकडे असं काही बघितलं की बास. "पदर पोळीला सुटतात, दोरीला पेड असतो" एवढं बोलले आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले. आजी म्हणते दोन्ही चालतं. पथकाच्या ग्रुपवर तर मारामारी व्हायची बाकी आहे. पेड, पदर, पीळ यात फरक काय? आणि पेड बहुतेक वेळा तीनच का? जाता जाता ढोलाला कुठली दोरी बरी तेही सांगा.

काथ्याकूट:
काका बरोबर आहेत, पण आजीला उगाच चूक ठरवू नका. जरा जाड सुती दोरी घे आणि टोक उलगडून बघ. आधी बारीक तंतू, ते पिळून सूत, बरीच सुतं एकत्र पिळली की पेड, आणि असे तीन पेड एकमेकांवर पिळले की दोर. आता खरी गंमत, प्रत्येक वेळी पीळ उलट्या दिशेने असतो. सूत उजवीकडे पिळलं असेल तर पेड डावीकडे, दोर परत उजवीकडे. पेडाला स्वतःचा पीळ सोडायचा असतो पण त्या नादात तो दोराचा पीळ अजून घट्ट करतो, म्हणून सोडून दिला तरी दोर उलगडत नाही. सगळं एकाच दिशेने पिळलं तर हातातून सोडताच सगळं मोकळं. पीळ म्हणजे हा सगळा मामला, पेड म्हणजे त्यातला एक भाग.
पदराला पीळ लागत नाही. सुईत दोरा दुपदरी ओवतो ना, नुसते शेजारी शेजारी, त्याला कोणी दुपेडी म्हणत नाही.
तीन का, तर तीन पेड एकमेकांना चिकटून बसतात, मधे पोकळी राहत नाही. चार घेतले की मधे भोक पडतं, मग तिथे वेगळी बारीक दोरी भरावी लागते.

नुसतीच_वाचते:
पटलं नाही. तिपेडी वेणीत कुठे पीळ असतो? तिथेही पेडच म्हणतो की.

काथ्याकूट:
हा मुद्दा आहे, मान्य. म्हणजे पीळ असो नसो, एकमेकांत गुंतून एक वस्तू झाली की पेड, नुसते एकावर एक तर पदर, असं म्हणू. तरी चार पदरी हारवाले येतीलच भांडायला.

मावळातला:
शहरात एक दोरी म्हटलं की भागतं, आमच्याकडे प्रत्येकीचं नाव वेगळं. बैलाच्या नाकातली वेसण, हाकताना हातात धरायचा तो कासरा, गोठ्यात बांधायचं ते दावं. मोटेला दोन दोर, जाड तो नाडा, वरच्या चाकावरून जाणारा, आणि सोंडेला बांधलेला बारीक तो सोंदूर. आता मोटाच गेल्या, त्यामुळे सोंदूर म्हटलं तर माझा मुलगापण विचारतो ते काय असतं. बलुतेदारीत दोर वळायचं काम मातंग समाजाकडे असायचं. घायपाताची पानं नाहीतर अंबाडी पाण्यात कुजवायची, धुवून सोलून वाख काढायचा, वास असा यायचा की त्या बाजूला जाऊ नये, आणि मग वळायचं. हो, वळायचं, दोर कोणी विणत नाही. वाती, शेवया, दोर हे सगळं वळायचं.
आणि सुंभ म्हणजे काथ्याचा दोर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे खरंच होतं, जळलेला तुकडा न हलवता ठेवला तर राखेतसुद्धा पीळ दिसतो, हात लावला की भुसभुशीत.

सिंहगड_रविवारी:
क्लाइंबिंगवाले म्हणून दोन शब्द. पिळलेल्या दोराला लटकलं की तो पीळ सोडायला लागतो आणि माणूस गरगर फिरतो. म्हणून आमचा रोप वेगळा असतो, आत बहुतेक ताकद घेणारा गाभा आणि बाहेरून विणलेलं कव्हर. एडेलरिड या जर्मन कंपनीने 1953 मध्ये काढला. त्याला पेड मोजत बसू नये.
ढोलाचं म्हणाल तर नायलॉन नको, ताणलं की लांबतं, अर्ध्या मिरवणुकीत ढोल सैल. पॉलिस्टर कमी लांबतं. सुती भिजली की उलट आखडते, पण पावसात चामड्याचं पान स्वतःच सैल पडतं, तिथे दोरी काय करणार.

लक्ष्मीरोड_४:
संस्कृतात दोरीच्या पदराला गुण म्हणतात, द्विगुणित त्यातूनच आलंय. आणि वेदी आखायचे नियम ज्यात आहेत त्या शुल्बसूत्रांतलं शुल्ब म्हणजे दोरीच, मोजमाप दोरीने करायचे म्हणून. बघा, इथे पदरच बसतो. आजी जिंकली.

ढोलवाला_सदाशिव:
आजीला दाखवलं, खुश आहे. पॉलिस्टर घेतो, पण थोडी सुती आधीच आणून ठेवलीये, तिची टोकं सुटतायत. लायटरने जाळू का?

सिंहगड_रविवारी:
सुती जाळू नको, ते वितळत नाही, नुसतं जळतं. बारीक दोऱ्याने टोकाला गच्च वेढे घाल आणि मगच काप. पॉलिस्टरचं टोक मात्र खुशाल जाळ, पण गरम असताना बोट लावू नकोस, चिकटतं.