कम्युनिटी कॉलेज: अर्ज केलेले विद्यार्थी वर्गापर्यंत का पोहोचत नाहीत?

प्रश्न: मी अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक महाविद्यालयात, प्रवेश विभागात काम करते. प्रवेश सर्वांना खुला असल्याने अर्ज भरपूर येतात. परंतु नोकरी करणारे, मुलेबाळे असलेले आणि घरी इंग्रजी न बोलणारे अनेक विद्यार्थी सत्र सुरू होण्यापूर्वीच गळतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: आर्थिक मदतीपासून. फाफ्सा (केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरल्याशिवाय पेल अनुदान, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत, मिळत नाही, आणि त्या अर्जातील माहितीच्या पडताळणीत अडकलेल्या विद्यार्थ्याचे नाव शुल्क थकल्यामुळे संगणक परस्पर वगळून टाकतो. नाव वगळण्याआधी त्याला एक दूरध्वनी करावा. ईमेल कोणी वाचत नाही, हे आपण मान्य केलेले बरे.

उत्तर २: पूर्वतयारीचे, श्रेयांक न देणारे वर्गही तपासा. कॅलिफोर्नियात २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर शाळेतील गुण पाहून विद्यार्थ्यांना थेट महाविद्यालयीन पातळीच्या गणित-इंग्रजीत बसवण्यावर भर दिला गेला. मात्र सोबत जादा मार्गदर्शनाचा तास नसेल, तर तो निर्णय अर्धवट ठरतो.

उत्तर ३: न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेल्या 'असॅप' उपक्रमात नियमित समुपदेशन, पुस्तकांसाठी मदत आणि प्रवासाचा पासही मिळतो, तुलनात्मक चाचणीत तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. अट पूर्णवेळ शिक्षणाची आहे, त्यामुळे आपल्या नोकरदार विद्यार्थ्यांसाठी तो जसाच्या तसा उचलता येणार नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. थकलेल्या शुल्काची यादी उद्याच मागवते.