समुद्रतळातून झिरपणाऱ्या तेलावर लक्ष कसे ठेवतात?

प्रश्न: कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळच्या किनाऱ्यावर फिरून आले की तळपायाला डांबर चिकटते आणि ते खोबरेल तेलाने चोळून काढावे लागते. हे डांबर समुद्रतळातून नैसर्गिकरीत्या झिरपलेल्या तेलाचे आहे की तेलविहिरींतून सांडलेल्या, हे अभ्यासक कसे ठरवतात?

उत्तर 1: तेथील कोल ऑइल पॉइंट परिसरात समुद्रतळाच्या भेगांतून दररोज सुमारे 100 बॅरल तेल आणि त्यासोबत मिथेन बाहेर पडतो. तेथील मूळनिवासी चुमाश लोक याच डांबराने होड्यांच्या फळ्यांमधील फटी बुजवत. म्हणजे झिरप विहिरींपेक्षा कितीतरी जुनी आहे. बुडबुड्यांवरून ध्वनिलहरी जोरात परावर्तित होत असल्याने सोनार या ध्वनिलहरी सोडून वेध घेणाऱ्या यंत्राने त्यांचे स्तंभ नकाशावर उतरवता येतात. शिवाय 1982 मध्ये तळावर वायू पकडणारे पोलादी पिरॅमिड बसवून तो नळाने किनाऱ्यावर नेण्यात आला, त्यामुळे प्रवाह प्रत्यक्ष मोजता आला. माझ्या मते हीच सर्वांत भक्कम नोंद होय.

उत्तर 2: उपग्रहावरील रडारचीही मदत होते. तेलाचा तवंग बारीक लाटा दाबतो, म्हणून तो भाग प्रतिमेत काळा दिसतो. मात्र वारा पडला की स्वच्छ पाणीही तसेच दिसते, त्यामुळे एकाच प्रतिमेवर विसंबू नये. त्याच जागी डाग पुन्हापुन्हा उमटला, तरच झिरपेचा संशय बळावतो.

उत्तर 3: डांबरातील होपेन व स्टेरेन या, प्राचीन सजीवांच्या अवशेषांतून आलेल्या संयुगांच्या प्रमाणावरून उगम शोधतात. सांता बार्बराला मात्र विहिरी आणि भेगा यांतील तेल बहुधा मॉन्टेरे नावाच्या एकाच खडकथरातून येत असल्याने हे रासायनिक ठसे फार जुळतात, आणि खरी कसोटी तेथेच लागते.