पदच्युत, पायउतार की उचलबांगडी?

नायजेरियाच्या एकेकाळच्या लष्करी शासकावर, याकुबू गोवॉनवर टिपण लिहितोय आणि पहिल्याच वाक्याला अडकलोय. पेपरात सगळीकडे 'पायउतार' असतं, पण हा माणूस २९ जुलै १९७५ ला आफ्रिकी देशांच्या शिखर परिषदेसाठी कंपालात बसलेला आणि इकडे लागोसच्या रेडिओवर जाहीर झालं की तुमची सत्ता संपली, जाहीर करणारा कोण तर त्याच्याच संरक्षण ब्रिगेडचा कर्नल जोसेफ गार्बा. याला पायउतार कसं म्हणू?

नकोच. पालखीतून, घोड्यावरून आपण होऊन खाली उतरतो तो पायउतार, राजीनामा दिला असता तर चाललं असतं. 'पदच्युत' घ्या बिनधास्त. च्युत म्हणजे ढळलेला, आपल्या अच्युतच्या बरोब्बर उलट. 'पदभ्रष्ट' नको, हल्ली भ्रष्ट म्हटलं की पैसे खाल्ले असंच वाटतं लोकांना.

उचलबांगडी काय वाईट आहे?

अहो काका, उचलबांगडी म्हणजे हातपाय धरून उचलून न्यायचं, खुर्चीत माणूसच नव्हता तर उचलणार कुणाला 😀

बरं पदच्युत फायनल. पण पुढे मी 'शांतिदूत' लिहिलंय. सत्ता गेल्यावर वॉरिक विद्यापीठात चाळिशीत राज्यशास्त्र शिकायला बसला, डॉक्टरेट केली, १९९६ ला देशासाठी 'नायजेरिया प्रेज' ही प्रार्थना चळवळ काढली वगैरे. बायकोने वाचून विचारलं, बियाफ्राचं युद्ध, म्हणजे फुटून निघालेल्या इग्बो लोकांच्या प्रांताशी झालेलं यादवी युद्ध, याच्याच काळात ना, नाकेबंदीत लाखो माणसं मेली, लहान पोरं उपाशी मेली, आणि तू दूत म्हणतोस?

वहिनींचं बरोबर आहे. दूत दोघांच्या मधला असतो, शिष्टाईला जातो. हा तर त्या युद्धातला एक पक्ष होता. आणि 'शांततेचा पुरस्कर्ता' म्हणजे सत्काराची शाल आठवते. मी 'सलोखा' वापरेन. जानेवारी १९७० ला युद्ध संपलं तेव्हा गोवॉनची घोषणाच होती, ना कोणी जेता ना कोणी जित. ती किती पाळली गेली यावर इग्बो लोक आजही भांडतील, पण सलोख्याची कल्पना तिथलीच आहे. शांतता काय, वर्गात छडी आपटूनही होते, सलोखा व्हायला आधी भांडण झालेलं लागतं.

'सलोख्यासाठी झटणारा' करतो मग.

'झटणारे' करा, नव्वदी ओलांडलेत ते, केव्हाचे एकेरीत बोलतोय आपण.