न्यू हार्मनी बुडालं ते माणूस स्वार्थी म्हणून?

पाणचक्की
सहकारावरच्या गप्पांत परवा एकाने हुकमाचा एक्का टाकला : "रॉबर्ट ओवेनने सगळं सामायिक करून पाहिलं, दोन वर्षांत गाशा गुंडाळला. माणूस मुळात स्वार्थी, विषय संपला." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून धागा.

ओवेन हा ब्रिटिश गिरणीमालक आणि समाजसुधारक, हवेत इमले बांधणारा नव्हता. १८०० पासून स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी न्यू लॅनार्कची सूतगिरणी तो चालवत होता. अमेरिकेच्या निर्यातबंदीने कापूस महागला आणि गिरणी चार महिने थांबली, तेव्हा त्याने कामगारांना घरबसल्या पूर्ण पगार दिला. दहा वर्षांखालची पोरं कामावर घेणं बंद केलं, त्यांना शाळेत बसवलं. तरी गिरणी नफ्यात राहिली.

१८२५ मध्ये त्याने अमेरिकेत, इंडियाना राज्यात, जॉर्ज रॅपच्या धर्मपंथाकडून अख्खं गाव विकत घेतलं, तेच न्यू हार्मनी. घरं, शेतं, कारखाने, सुमारे २०,००० एकर जमीन. येईल त्याला घेतलं आणि आठशेच्या वर माणसं जमली. ओवेन मात्र जूनमध्येच निघून गेला, तो जानेवारी १८२६ मध्ये परतला. कार्य घरात आणि यजमान परगावी! रॅपचे कसलेले कारागीर गाव सोडून गेले होते, त्यांच्या जागी हात नव्हते. दर आठवड्याला नाच आणि संगीत ठरलेलं होतं, पण कुठलं काम कोणाच्या अंगावर हे ठरलेलं नव्हतं. यात स्वभावाची परीक्षा कुठे झाली? तयारीच नव्हती.

ताळेबंद
असहमत. ओवेन नव्हता हे निमित्त झालं. सुरुवातीला तिथल्या दुकानात प्रत्येकाचं खातं असे : केलेलं काम जमा, उचललेला माल नावे. फेब्रुवारी १८२६ मध्ये गावाची नवी घटना, म्हणजे नियमावली, आली, समानतेची. सगळ्यांना सारखं. मग पहाटे उठून राबणाऱ्याने आणि उन्हं वर आल्यावर उठणाऱ्याने एकाच ताटात जेवायचं, हे किती दिवस चालणार? तिथेच राहिलेला जोसाया वॉरेन बाहेर पडला तो हेच शिकून, की व्यक्तीला तिचं स्वतःचं काही उरलं नाही. १८२७ मध्ये त्याने सिनसिनाटीत दुकान काढलं, श्रमाच्या तासांवर माल देणारं. तो काही भांडवलदारांचा माणूस नव्हता.

पाणचक्की
मग रॅपच्या लोकांचं काय? तेच गाव, तीच जमीन आणि मालमत्ता सामायिकच. दहा वर्षं भरभराटीत होते आणि पुढे पेनसिल्व्हेनियात त्यांचा पंथ विसाव्या शतकापर्यंत टिकला.

ताळेबंद
ब्रह्मचर्य पाळून, येशू आता येतो की मग येतो याची वाट पाहत! ती शिस्त देवाच्या धाकाची होती. ओवेनला तर धर्मच नको होता. हा दाखला तुम्हाला लागू पडत नाही.

गिरणगाव
दोघंही एक गोष्ट सोडताय. न्यू हार्मनीच्या १८२५ च्या नियमांतच लिहिलं होतं की सभासदत्व सगळ्यांना खुलं, फक्त कृष्णवर्णीय वगळून. वेशीबाहेर कोण राहणार हे आधीच ठरवून आत समता आणायची, हे आपल्याला कोणी नव्याने समजवायला नको. आणि बायका? सामायिक कामही त्यांनीच करायचं, घरची चूलही त्यांच्याच गळ्यात.

न्यू लॅनार्कचंही एवढं कौतुक नको. माझे आजोबा मुंबईत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, म्हणून ही गोष्ट मला टोचते. ओवेनच्या गिरणीत प्रत्येकाच्या कामापाशी लाकडाचा छोटा चौकोनी ठोकळा टांगलेला असे. चार बाजू : काळी, निळी, पिवळी, पांढरी. काल तुम्ही कसे वागलात त्याचा रंग आज समोर. मारझोड नाही, दंड नाही, हे खरं, आणि त्या काळात मोठंही. पण दिवसभर मान वर केली की आपली काळी बाजू सगळ्या खात्याला दिसणार! आजोबा जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या परवडल्या म्हणाले असते. हा मायबाप मालक झाला, सोबती नव्हे.

पाणचक्की
वर्णाच्या अटीवर माझ्याकडे बचाव नाही, आणि मी शोधणारही नाही. मूळ लेखात ते यायला हवं होतं. चूक माझी.

पण ताळेबंद, फ्रान्समधलं ग्वीझ गाव घ्या. तिथला शेगड्या बनवणारा कारखानदार गोदँ, सामुदायिक वसाहतींची कल्पना मांडणाऱ्या फ्रेंच विचारवंत फुरिएच्या विचारांचा. टेक्सासमधल्या एका वसाहतीत त्याचे भरपूर पैसे बुडाले, तरी १८५९ मध्ये त्याने कारखान्याशेजारी कामगारांसाठी वाडे बांधायला घेतले. मधल्या चौकावर काचेचं छप्पर, चहूबाजूंनी गॅलऱ्या, शाळा, धुलाईघर, नाटकघर. १८८० मध्ये कारखाना आणि वाडे कामगारांच्या संस्थेकडे गेले, ते १९६८ पर्यंत. देवाचा धाक नव्हता.

ताळेबंद
नव्हता, पण प्रत्येकाच्या नावावर समभाग होते! कोणाचा किती हिस्सा ते कागदावर. ग्वीझ माझ्या बाजूचं उदाहरण आहे.

पाणचक्की
समभाग होते, मान्य. पण शाळेचा आणि आजारपणाच्या मदतनिधीचा पैसा नफा वाटण्याआधीच बाजूला निघायचा. तो कोणाच्या नावावर होता, सांगा.