हायवेचा कार्बन नियम कोर्टाने रद्द केला होता, मग सिनेटने ठराव का आणला?

रस्तेवेडी: मी अमेरिकेत वाहतूक नियोजन शिकतेय. सेमिनारला फेडरल हायवे अॅडमिनिस्ट्रेशनचा (केंद्र सरकारच्या महामार्ग खात्याचा) डिसेंबर २०२३चा हरितगृह वायूंचा नियम घेतलाय. महामार्गांवरच्या गाड्यांतून किती कार्बन डायऑक्साइड निघतो ते राज्यांनी मोजायचं आणि तो घटवण्याचं लक्ष्य ठरवायचं, असा तो नियम. २७ मार्च २०२४ला टेक्सासमधल्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला. तरी १० एप्रिलला सिनेटने त्याच्याविरुद्ध ५३-४७ने ठराव मंजूर केला. मेलेल्याला पुन्हा कशाला मारायचं?

मैलमोजणी: मी एका महानगर नियोजन संस्थेत काम करते, या नियमातला उत्सर्जनाचा हिशोब माझ्याकडेच होता. राज्यात किती गॅलन इंधन खपलं ते घ्यायचं, प्रत्येक इंधनाच्या कार्बन गुणकाने (एका गॅलनमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो त्याने) गुणायचं आणि एकूण वाहन-मैलांपैकी (सगळ्या गाड्या मिळून धावलेल्या मैलांपैकी) नॅशनल हायवे सिस्टिमवरचा, म्हणजे देशातल्या मुख्य महामार्गांच्या जाळ्यावरचा, वाटा काढायचा. उत्तर दशलक्ष मेट्रिक टनांत, दोन दशांशांपर्यंत. एक्सेलची एक ओळ! लक्ष्य २०२२पेक्षा कमी हवं, पण किती कमी ते राज्याने ठरवायचं. चुकलं तर दंड नाही. एवढ्यासाठी केंटकीसह २१ राज्यं वेगळी कोर्टात गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

कोर्टातला वाद ‘परफॉर्मन्स’ या एका शब्दावर होता. २०१२च्या कायद्यात हायवेची कामगिरी मोजा असं आहे. न्यायाधीशांच्या मते ती कामगिरी रस्त्याची, त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या धुराची नव्हे.

आता तुझा प्रश्न. असाच नियम जानेवारी २०१७मध्ये आला, २०१८मध्ये पुढच्या सरकारने काढला आणि २०२३मध्ये परत आला. ठराव आणणाऱ्यांना हे येणं-जाणंच बंद करायचं होतं. कोर्टाचा निकाल अपिलात फिरू शकतो. पण १९९६च्या काँग्रेशनल रिव्ह्यू अॅक्टखालचा (सरकारी खात्यांचे नियम रद्द करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे संसदेला, देणाऱ्या कायद्याखालचा) ठराव कायदा झाला, की जवळपास तसाच नियम काँग्रेसच्या नव्या कायद्याशिवाय आणताच येत नाही. शिवाय सिनेटमध्ये साधं बहुमत पुरतं, फिलिबस्टर (चर्चा लांबवून मतदान अडवणं) चालत नाही. म्हणून मला कोर्टापेक्षा त्या मतदानाची धास्ती जास्त होती. तो ठराव पुढे कायदा झाला नाही.

लांबपल्ला: पण ताई, राज्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. वायोमिंगमधून आय-८० या आंतरराज्य महामार्गावरून जाणारे ट्रक परराज्यांचे. त्यांनी तिथे डिझेल भरलं की हिशोब वायोमिंगच्या नावावर. राज्याने काय करायचं?

मैलमोजणी: हे मान्य. इंधनविक्रीवर आधारलेल्या मोजणीत हा दोष आहेच, सीमेजवळच्या पंपांमुळे आकडा हलतो. पण म्हणूनच लक्ष्य किती ठेवायचं ते राज्यावर सोडलं होतं. अगदी थोडी घट धरली असती तरी नियम पाळला गेला असता.

रस्तेवेडी: २०१७-१८चा धागा माझ्या लक्षातच आला नव्हता. आता सेमिनारची सुरुवात तिथूनच करते. तुमच्या त्या एक्सेलचं काय झालं?

मैलमोजणी: तो रकाना मी काढला नाही. कुणी मागत नाही, तरी नवे वाहन-मैल आले की भरते.